कंटाळ्याची कैफियत
(हसऱ्या चित्रपुस्तकांच्या एका छोट्या घराण्यास प्रस्तावना)

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात मनुष्याच्या येत्याजात्या मनोवृत्तींची, म्हणजे तेहतीस व्यभिचारी भावांची, जी यादी दिली आहे तिच्या आरंभीच निर्वेद विराजमान आहे आणि पुढे ग्लानी, आलस्य, दैन्य, चिंता, विषाद ही त्याची नातलग मंडळीही आपापल्या क्रमाने हजर आहेत. परंतु वैशाखातल्या दुपारी दोनच्या सुमारास आठ वर्षांच्या मुलाला जो विकार ग्रासतो त्याला त्या यादीत स्वतंत्र आसन मिळालेले दिसत नाही. निर्वेदाला संसाराची असारता जाणवावी लागते, आणि हे मूल तर अजून संसारात पडलेलेच नसते. आलस्यात हालचाल नकोशी होते, आणि या मुलाला काहीतरी करण्याची इतकी अनावर इच्छा असते की ते काहीतरी नेमके काय हे कोणीच सांगत नाही म्हणून त्याचे डोळे भरून येतात. बालपणीच्या या कंटाळ्याचा दर्जा असा चमत्कारिक आहे. जाणत्यांनी त्याला दुःखांत गणले नाही, शिक्षकांनी त्याला दुर्गुणांत गणले, आणि आईबापांनी तर त्याला फिर्याद समजून तिचा निकाल पहिल्याच सुनावणीत लावून टाकला.

या उपेक्षित विकाराची कैफियत गांभीर्याने ऐकून घेणारा, आणि ऐकता ऐकता फिर्यादीलाच हसवून सोडणारा, एक साहित्यप्रकार अलीकडच्या काळात जगात रुजला आहे, तो म्हणजे मुलाच्या कंटाळ्यावरचे विनोदी चित्रपुस्तक. पुढील पाने एखाद्या एकट्या ग्रंथाची ओळख करून देण्याकरिता लिहिलेली नाहीत. त्या अवघ्या प्रकाराची मराठी पालकांशी, शिक्षकांशी आणि गावोगावच्या ग्रंथपालांशी गाठ घालून द्यावी, एवढाच त्यांचा हेतू आहे. असे पुस्तक हाती घेणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, की यातून मुलाने काय घ्यायचे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापेक्षा तो प्रश्नच थोडा वेळ तहकूब ठेवावा, अशी विनंती करण्यासाठी हा प्रपंच.

प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य सिंदी मेघे येथे आहे. सेलू तालुक्यातील, नागपूरच्या लोहमार्गावरील सिंदी रेल्वे ती वेगळी. ही सिंदी वर्धा शहराच्या अंगालाच लागलेली, जनगणनेच्या दप्तरात नगर म्हणून नोंदलेली आणि वळणाने अजूनही गावच राहिलेली. कंटाळ्याच्या अभ्यासाला या परिसराइतके अनुकूल हवामान महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. येथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे सहज जातो. उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास गजबजू लागल्या, तरी विदर्भातील शाळांचे दरवाजे उन्हाच्या धाकाने महिनाअखेरपर्यंत बंदच असतात. आणि सकाळी दहानंतर बाहेर पडण्याची मनाई ही घराघरांत कोणत्याही सरकारी फर्मानापेक्षा कडक रीतीने अमलात येते. कंचे, भवरा, गिल्ली-दांडू यांची मुदत सकाळच्या नाश्त्यापर्यंत. पुढे संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंतचा मुलूख सारा कूलरच्या घुमण्याचा.

अशा वेळी घरोघरी जो संवाद चालतो तो ऐकण्याजोगा असतो. मूल पलंगाच्या कडेवरून डोके खाली लोंबकळत ठेवून उलटे जग पाहत असते. ते म्हणते, "आई, मले बोर होऊन राह्यलं." आई कुरड्यांच्या चिकाकडे पाहत म्हणते, "मंग चित्र काढ नं." "काढलं." "पुस्तक वाच." "वाचलं." "मंग पंख्याची पाती मोज." क्षणभर शांतता पसरते आणि उत्तर येते, "तीनच हायेत." या संवादात कोणीही विनोद करीत नाही. आई खरोखरच कामात आहे आणि मूल खरोखरच व्याकुळ आहे. तरीही तिऱ्हाइताला हसू आवरत नाही. हे हसू कोठून उत्पन्न होते याचा शोध घेतला की या चित्रपुस्तकांची सारी किमया ध्यानात येते.

हास्यरसाचे मूळ शास्त्रकारांनी विकृतीत, म्हणजे वेष, वाणी, आकार आणि चेष्टा यांच्या विपरीत जुळणीत सांगितले आहे. मुलाच्या कंटाळ्यात अशी विपरीत जुळणी पदोपदी असते. फिर्यादीची भाषा राज्य बुडाल्याची आणि मुद्देमाल मात्र एक रिकामी दुपार. वादी तोच, प्रतिवादीचे नाव मात्र त्याला सांगता येत नाही. आणि मागितलेली दाद अशी की, ती दिली असता ताबडतोब नाकारली जावी. मोठ्या माणसाला कंटाळा आला तर तो लपवतो, त्याला थकवा म्हणतो, चहा मागवतो, वर्तमानपत्राची घडी पुन्हा उलगडतो. मुलाला हा बंदोबस्त ठाऊक नसतो. त्याचा कंटाळा उघडा, सर्वांगीण आणि सर्वांदेखत असतो. तो जमिनीवर लोळतो, भिंतीला पाय लावतो, खुर्चीवरून द्रवासारखा ओघळतो. म्हणजेच तो अत्यंत चित्रणीय असतो, आणि चित्रकाराला याहून अधिक काय हवे?

येथे चित्रपुस्तकाच्या रचनेविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे, कारण चित्रे असलेले पुस्तक आणि चित्रपुस्तक यांत आपल्याकडे अद्याप पुरेसा भेद केला जात नाही. सचित्र गोष्टीत मजकूर स्वयंपूर्ण असतो आणि चित्र त्याची साक्ष देते. चित्रपुस्तकात मजकूर अर्धेच सांगतो, कित्येकदा खोटेही सांगतो, आणि उरलेले अथवा खरे काय ते चित्रातून कळते. छापखान्याच्या सोयीने, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्यांतून आठाच्या पटीत पाने निघतात म्हणून, अशा पुस्तकाची पृष्ठसंख्या बहुधा बत्तीस असते; शीर्षकपृष्ठादी उपचार वजा जाता लेखक-चित्रकारांच्या वाट्याला बारा-चौदा जोडपाने येतात, आणि शब्द तर काही शेच. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत पान उलटण्याची क्रिया हीच मोठी दौलत ठरते. उजव्या पानाच्या तळाशी प्रश्न ठेवायचा, वाचणाऱ्याचा हात कागदाच्या कोपऱ्याशी जाईपर्यंत मुलाला ताटकळत ठेवायचे आणि पलीकडे अपेक्षेच्या नेमके उलट काहीतरी मांडायचे, हा विनोदाचा ताल नटाला आवाजाने आणि विरामाने साधावा लागतो. येथे तो घडी आणि शिवण यांनी साधतो. शिवाय कंटाळ्याला लागणारा अवकाश दाखविण्याचे साधन चित्रपुस्तकाजवळ आयते असते, ते म्हणजे कोरा कागद. भल्यामोठ्या पांढऱ्या पानाच्या एका कोपऱ्यात चिमुकले मूल बसविले की, कादंबरीकाराला ज्यासाठी दोन परिच्छेद लागले असते ते एका दृष्टिक्षेपात साधते.

या घराण्यातील एक उत्तम नमुना म्हणून २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'आय'म बोअर्ड' या पुस्तकाकडे बोट दाखविता येईल. त्याचे लेखक मायकल इयान ब्लॅक हे मूळचे विनोदी नट, आणि चित्रे डेबी रिडपाथ ओही यांची. कथानक म्हणावे तर एका ओळीचे. कंटाळलेल्या एका मुलीला बटाटा भेटतो. आणि तिच्या आश्चर्याला पारावार राहत नाही, कारण तो बटाटाही कंटाळलेला असतो. तिच्यावरच कंटाळलेला असतो. मुले म्हणजे अगदी नीरस प्राणी, असे त्याचे ठाम मत. त्याला रोहित पक्ष्याची आवड. झाले! क्षणापूर्वी जिला जगात करण्यासारखे काही दिसत नव्हते ती मुलगी आता मनुष्यजातीच्या बालशाखेचे वकीलपत्र घेऊन उभी राहते आणि मुलांना काय काय येते याचे पुरावे, कोलांट्यांपासून कल्पनेच्या भराऱ्यांपर्यंत, एकामागून एक हजर करते. बटाटा प्रत्येक पुराव्यावर जांभई द्यावी तसा एकच अभिप्राय देतो.

या युक्तीतील मर्म बारकाईने पाहण्यासारखे आहे. लेखकाने मुलीला कसलाही उपदेश केलेला नाही. कंटाळा वाईट, उद्योग चांगला, असे एक अक्षर कोठे नाही. त्याने केवळ फिर्यादीला न्यायाधीशाच्या खुर्चीसमोरून उचलून प्रतिवादीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि तिचीच वाक्ये एका कंदमुळाच्या तोंडी घातली. आपला कंटाळा बाहेरून कसा दिसतो हे मुलाला एरवी कधीच दिसत नाही. येथे तो त्याला डोळे बारीक केलेल्या, हातपाय नसलेल्या, अत्यंत आढ्यतेखोर बटाट्याच्या रूपाने दिसतो, आणि ज्याला आपण हसतो आहोत ते आपणच आहोत ही जाणीव त्याला कोणी करून न देता होते. शास्त्रकारांनी हास्याच्या स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. या पुस्तकात मूल पहिल्या दोन पायऱ्यांवर स्वतःला हसते आणि शेवटच्या दोन बटाट्यासाठी राखून ठेवते. बालवाचकाच्या प्रतिष्ठेला यापेक्षा अधिक कोणी जपू शकेल असे वाटत नाही.

या घराण्याला पूर्वज आहेत. डॉ. स्यूस यांचे 'द कॅट इन द हॅट' १९५७ साली निघाले. पावसामुळे घरात अडकून खिडकीशी बसलेल्या दोन भावंडांपासून त्याचा आरंभ होतो, पण त्याच्या जन्माचे कारणही कंटाळाच. तीन वर्षांपूर्वी जॉन हर्सी यांनी 'लाइफ' नियतकालिकात अशी तक्रार मांडली होती की, शाळेतील पहिल्या वाचनाची पुस्तके इतकी निर्जीव आहेत की मुलांनी ती वाचू नयेत हेच स्वाभाविक. त्या तक्रारीचे उत्तर म्हणून स्यूस यांनी अवघ्या २३६ निरनिराळ्या शब्दांत हा धुमाकूळ रचला. पीटर स्पिअर यांच्या १९७८ सालच्या पुस्तकात दोन कंटाळलेले भाऊ घरातल्याच वस्तूंचे भाग जमवून विमान बांधतात आणि ते उडवूनही दाखवितात. घराचे काय झाले ते चित्रांत पाहावे. या सर्वांत आईबाप एक तर बाहेर गेलेले असतात अथवा गुंतलेले असतात. ही योजना सहेतुक आहे, कारण वडीलधारे मनुष्य हजर झाले की कंटाळ्याचा प्रश्न कंटाळ्याचा उरत नाही, आज्ञापालनाचा होतो.

आता आपल्या घराकडे वळू. मराठी बालवाङ्मयाच्या पायाशी विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' हे मासिक आहे. १८८१ पासून ते ओकांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९१४ पर्यंत, अखंड चालले, आणि त्याचे नावच त्याच्या प्रतिज्ञेचे दर्शक होते. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' काढले तेव्हा बोधाच्या शेजारी रंजनाला अधिकृत जागा मिळाली; पुढे ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'ने मुलाच्या द्वाडपणाला प्रतिष्ठा दिली, आणि १९७१ पासून पाठ्यपुस्तक मंडळाच्या 'किशोर'ने खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत वाचनाची गोडी पोहोचविली. तथापि या साऱ्या परंपरेत मूल खट्याळ असू शकले, शूर असू शकले, हळवे असू शकले. निव्वळ कंटाळलेले असण्याची सनद त्याला सहसा मिळाली नाही. याचे एक कारण आर्थिक होते. पुण्यास चित्रशाळा १८७८ साली निघाली आणि देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी गेली, परंतु पानापानांवर रंग उधळणारे मुलांचे पुस्तक सामान्य घराला परवडेल अशा किमतीत देणे प्रकाशकाला फार काळ शक्य नव्हते; आणि जेथे चार आण्यांत एकशेबारा पानांचा मजकूर मिळावा अशी अपेक्षा, तेथे बत्तीस पानांत कोरी जागा सोडणाऱ्या पुस्तकाकडे उधळपट्टी म्हणूनच पाहिले जाणार. दुसरे कारण मनोवृत्तीचे. पुस्तक घेणारा बाप आणि वाचणारे मूल यांत पैसा बापाच्या खिशात असतो, आणि बापाला पैशाचा मोबदला बोधाच्या रूपाने वसूल करावयाचा असतो.

ही कोंडी फोडणाऱ्यांत दोन नावे आदराने घ्यावी लागतील. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ साली 'सकाळ'मध्ये अवतरला आणि तीन-चार चौकटींत, रोज सकाळी, सुट्टीचे, अभ्यासाचे आणि काहीच न करण्याचे प्रश्न आईबापांपुढे मांडू लागला. त्याने मोठ्यांना घरातील मुलाचे मत ऐकण्याची थोडी सवय लावली. दुसरे नाव माधुरी पुरंदरे यांचे. लेखन आणि चित्रे दोन्ही एकाच हाताची असल्याने त्यांच्या पुस्तकांत शब्द कोठे थांबावा आणि रेषेने कोठे बोलावे याचा विवेक दिसतो. 'राधाचं घर' या संचात आई, बाबा, आजी-आजोबा यांच्या साध्या नित्यव्यवहाराशिवाय काहीही घडत नाही, आणि तेच त्या संचाचे वैभव आहे. साहित्य अकादमीने २०१४ साली त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. जेथे काही घडत नाही तेथेही पाहण्याजोगे पुष्कळ असते, ही दृष्टी मराठी मुलांच्या हाती त्यांनी दिली. आणि कंटाळ्यावरच्या विनोदी पुस्तकाला लागणारी जमीन तीच.

वर्ध्याच्या परिसरात बसून हे लिहीत असता एका आक्षेपाची चाहूल ऐकू न येणे अशक्य आहे. ही भूमी श्रमप्रतिष्ठेची. येथून हाकेच्या अंतरावर, वर्धा शहरात, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली; डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नयी तालीमचा आराखडा तयार केला आणि सेवाग्रामला त्याची प्रयोगशाळा उभी राहिली. त्या आराखड्यातील दैनंदिन वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणित यांना मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४०, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३०, शरीरशिक्षणाला १०, आणि सुट्टी १० मिनिटांची. ज्या शिक्षणपद्धतीने मोकळ्या वेळेला दहा मिनिटांची मंजुरी दिली, तिच्या अंगणात कंटाळलेल्या मुलाची तरफदारी करणे औद्धत्याचे नव्हे काय?

परंतु विचारांती हा विरोध वरवरचा ठरतो. नयी तालीमचा मूळ रोख पाठांतराच्या शाळेवर होता, जेथे मूल तासन्‌तास काम करीत असते आणि तरीही कंटाळलेले असते. हात चालू आहेत म्हणून मन गुंतले आहे असे नाही, आणि हात रिकामे आहेत म्हणून मन रिकामे आहे असेही नाही, हे ओळखूनच तर सूत कातण्याच्या तकलीला अर्थ देण्याचा तो खटाटोप होता. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली कंटाळ्याची जी मीमांसा केली तीही याच ठिकाणी येऊन पोहोचते: मनाला समाधानकारक व्यवसायात गुंतण्याची इच्छा असते, पण गुंतता येत नाही, ती अडखळ म्हणजे कंटाळा. मुलाजवळ काम नाही हे त्याचे दुःख नसून स्वतःचे असे काम त्याला सापडलेले नाही हे दुःख आहे. म्हणून इतरांनी सुचविलेली प्रत्येक गोष्ट, पंख्याच्या पात्यांसह, नामंजूर होते. सूत आणि बटाटा यांचे भांडण असण्याचे कारण नाही.

याच्या उलट दिशेने येणारा दुसरा धोका मात्र अधिक गोड बोलतो, म्हणून अधिक सावध राहावे. हल्ली सुशिक्षित पालकांत कंटाळ्याची स्तुती सुरू झाली आहे. कंटाळ्यातून प्रतिभा उमलते असे म्हणतात, आणि त्यास प्रयोगाचा आधारही दाखवितात. इंग्लंडमध्ये सँडी मॅन आणि रिबेका कॅडमन यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही लोकांना टेलिफोनच्या यादीतील आकडे नकलून काढण्याचे रटाळ काम दिले, आणि नंतर प्लॅस्टिकच्या पेल्यांचे उपयोग सुचवायला सांगितले असता त्यांना इतरांपेक्षा अधिक कल्पना सुचल्या. प्रयोग मनोरंजक आहे; पण त्यावरून मुलाच्या कंटाळ्यावर प्रतिभेचे जोखड चढविणे म्हणजे जुन्या बोधवादालाच नवी पगडी घालणे होय. कालचा बाप म्हणे, कंटाळतोस काय, पाढे म्हण. आजचा बाप म्हणतो, कंटाळ, म्हणजे काहीतरी नवनिर्मिती करशील. दोघांनाही वसुली हवी. चांगले विनोदी पुस्तक यांपैकी कोणाचाही तगादा मान्य करीत नाही. बटाट्यापुढे त्या मुलीने केलेल्या साऱ्या करामतींचे पर्यवसान कशात होते? बटाट्याचे मत तसूभरही बदलत नाही, शेवटी अपेक्षित रोहित पक्षी येतो आणि कंटाळ्याची गादी पुढे चालू राहते. या निष्फळतेतच त्या विनोदाचा सच्चेपणा आहे.

राहता राहिला वाचण्याचा प्रश्न. ही पुस्तके मुलाच्या हाती देऊन मोठ्यांनी निघून जाण्याची नव्हेत. ती शेजारी बसून, मोठ्याने, आवाज बदलून वाचावयाची आहेत. मूळ इंग्रजी असले तर शब्दशः भाषांतर करीत बसू नये. चित्र पाहून घरच्या बोलीत बोलावे. आमच्या सिंदीत तो बटाटा आपोआप आलू होतो, आणि "मले काही तुमचे पोट्टे पसंत नाहीत" असे वऱ्हाडी आढ्यतेने बोलू लागला की त्याचा मिजासखोरपणा दुप्पट खुलतो. पान उलटण्यापूर्वी थांबावे; मुलाला तर्क करू द्यावा; तर्क चुकला तरी पान परत मागे न्यावे, कारण पुढचे ठाऊक असूनही हसणे ही मुलांची खास मिरास आहे. चित्रातील बारकावे मूल आधी हेरते, तेव्हा बोट त्याचे असू द्यावे. आणि वाचन संपल्यावर तात्पर्य विचारू नये. कोणी फारच आग्रह धरला तर बटाट्याला विचारावे असे सांगावे.

अशा पुस्तकाचे वाचन सावकाश केले तरी आठ-दहा मिनिटांत आटोपते, आणि बाहेर ऊन उतरायला अजून तीन तास असतात. त्या तीन तासांची जबाबदारी पुस्तक घेत नाही. मोबाइल ती घेतो, टीव्ही ती घेतो, आणि घेतलेली जबाबदारी इतक्या चोख रीतीने पार पाडतो की मुलाला दुपार होती याचाही पत्ता लागत नाही. चित्रपुस्तक दुपार जेथल्या तेथे ठेवते. पुस्तक मिटताच मूल पुन्हा म्हणेल, "आता काय करू?" त्या वेळी ग्रंथकाराने, चित्रकाराने आणि प्रस्तावनाकाराने दिलेली एकच मसलत ध्यानात ठेवावी, की या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई करू नये. प्रश्न त्याचा आहे, दुपारही त्याची आहे, आणि आपल्याला हसता येते हे त्याला नुकतेच कळले आहे. तेवढ्या भांडवलावर त्याला स्वतंत्र कारभार करू द्यावा.

सिंदी मेघे, जि. वर्धा
वैशाख